अशेराचं नाव खोडू नका: मराठी बायबलच्या नव्या मसुद्याबद्दल खुले पत्र

मराठी बायबलच्या सुधारित भाषांतराचं काम पाहणारं संपादक मंडळ यांस,

सप्रेम सलाम.

गेल्या महिन्यात आपलं उत्तर मिळालं. '१ राजे', '२ राजे' आणि 'यिर्मया' या पुस्तकांच्या मसुद्याची एक वाचक म्हणून मी जी टिपणं पाठवली होती, त्यांतली बहुतेक एका शब्दाभोवती होती: अशेरा, जो जुन्या करारात कधी एका देवीसाठी तर कधी पूजेच्या लाकडी वस्तूसाठी येतो. आपण तीन वाक्यांत कळवलंत की या शब्दासाठी मसुद्यात सर्वत्र 'पवित्र खांब' ठेवायचं ठरलं आहे, तळटिपा वगळल्या आहेत आणि सामान्य विश्वासणाऱ्याच्या मनात गोंधळ होऊ नये हा त्यामागचा हेतू आहे. हेतूबद्दल मला शंका नाही. पण निर्णय मला मान्य नाही. हे बायबल हजारो घरांत जाणार आहे, त्यामुळे ही गोष्ट आपल्या-माझ्यातल्या पत्रव्यवहारात मिटवण्यासारखीही नाही. म्हणून हे उघड लिहिते आहे.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगते. अठ्ठावीस वर्षं मी आमच्या मंडळीत बायकांचा बायबल वर्ग घेते. शेतावरून आलेल्या, दवाखान्यात आयाचं काम करणाऱ्या, निवृत्त शिक्षिका, अशा सगळ्या जणी असतात. नोकरी संपल्यावर मी हिब्रू शिकले. अक्षरं गिरवण्यापासून सुरुवात केली. ते धैर्य आलं कारण माझ्या आजीच्या पेटीत पंडिता रमाबाईंच्या भाषांतराची प्रत होती. हिब्रू आणि ग्रीक शिकून एका मराठी बाईने अख्खं बायबल मुळातून मराठीत आणलं. १९२२च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या आणि १९२४ साली ते बायबल केडगावच्या मुक्ती मिशनमधून छापून बाहेर पडलं. त्याचे खिळे जुळवणारे हातही बायकांचेच होते. आजी हे सांगताना त्या पुस्तकावरून हात फिरवायची. भाषांतर करणाऱ्याने साध्या वाचकाला काय झेपेल, याचा अंदाज बांधून मजकूर कमी करायचा नसतो, हे मी त्या पेटीपाशी शिकले.

आता मुद्द्यावर येते.

हिब्रू जुन्या करारात 'अशेरा' हा शब्द सुमारे ४० ठिकाणी येतो. काही ठिकाणी तो एका वस्तूला लावलेला आहे, जी रोवता येते, तोडता येते, जाळता येते. तिथे लाकडी खांब किंवा पवित्र झाड असा अर्थ घ्यायला जागा आहे, हे मी टिपणांतही मान्य केलं होतं. 'शास्ते' सहाव्या अध्यायात गिदोन बापाच्या वेदीजवळची अशेरा रात्री तोडतो आणि तिच्याच लाकडांवर बैलाचं होमार्पण करतो. 'अनुवाद' १६:२१मध्ये परमेश्वराच्या वेदीजवळ अशेरा म्हणून कोणतंही झाड लावू नये अशी आज्ञा आहे. या दोन्ही जागी 'खांब' म्हटल्याने वाक्य मोडत नाही.

पण '१ राजे' १८:१९ घ्या. संदेष्टा एलीया अहाब राजाला सांगतो, बआलाचे ४५० संदेष्टे आणि राणी ईजबेलीच्या पंक्तीला जेवणारे अशेराचे ४०० संदेष्टे कर्मेल डोंगरावर गोळा कर. आपल्या मसुद्यात इथे 'पवित्र खांबाचे ४०० संदेष्टे' असं छापलं आहे. खांबाच्या नावाने कोणी संदेश देतं का? बआल हा देव आणि त्याच्याच वाक्यात त्याच्या शेजारी लाकूड, हे वाचणाऱ्याला कसं पटेल? '२ राजे' २३:४मध्ये यहूदाचा राजा योशीया मंदिरातून बआल, अशेरा आणि आकाशातलं सगळं सैन्य यांच्यासाठी केलेली पात्रं बाहेर काढायला लावतो. तिथेही ती देवदेवतांच्या रांगेत उभी आहे. तीन ओळी पुढे, २३:७मध्ये, मंदिराच्या आवारात बसून बायका अशेरासाठी विणत असत असं लिहिलं आहे. कोणासाठी विणतात माणसं? 'शास्ते' ३:७मध्ये तर इस्राएल लोक बआलांची आणि अशेरांची सेवा करू लागले असं सरळ वाक्य आहे.

ही चूक आपण पहिल्यांदा करत नाही आहात आणि म्हणूनच ती टाळता आली असती. ख्रिस्ताच्या आधीच्या काळात अलेक्झांड्रियात हिब्रू शास्त्राचं ग्रीक भाषांतर झालं, तेव्हा अशेरासाठी बहुतेक जागी 'राई' या अर्थाचा शब्द घातला गेला. लॅटिन भाषांतराने तोच उचलला. १६११च्या इंग्रजी किंग जेम्स बायबलनेही तोच ठेवला. परिणाम असा की '२ राजे' २३:६मध्ये योशीया मंदिराच्या आतून एक राई बाहेर काढतो, किद्रोन ओढ्यापाशी नेऊन जाळतो आणि तिची पूड करतो. दगडी मंदिराच्या आतली झाडांची राई! पिढ्यान् पिढ्या इंग्रजी वाचकांनी हे वाक्य वाचलं आणि त्यांना कधी कळलं नाही की इथे एका देवीची मूर्ती जळते आहे. १८८५च्या इंग्रजी पुनरावृत्तीने 'राई' काढून 'अशेरा' हे नाव परत आणलं. ज्या मराठी बायबलावर मी लहानाची मोठी झाले त्यातही 'अशेरा' हे नाव होतं. मी ते रविवारच्या शाळेत वाचलं आणि पाळकसाहेबांना विचारलंही होतं, ही कोण? जे आमच्या हाती होतं ते आता काढून घेऊ नका.

ही कोण, याचं उत्तर आज आपल्याकडे आहे आणि ते जमिनीतून आलं आहे. १९२८ साली सीरियाच्या किनाऱ्यावर रास शामराजवळ एका शेतकऱ्याला नांगरताना थडगं लागलं. पुढच्याच वर्षी क्लोद शेफर यांच्या देखरेखीखाली उत्खनन सुरू झालं आणि उगारित हे प्राचीन नगर उजेडात आलं. तिथल्या मातीच्या पाट्यांवर अथिरत नावाची देवी आहे. ती एल या थोर देवाची पत्नी, देवांना जन्म देणारी, सागराची स्वामिनी, सत्तर पुत्रांची आई. हिब्रूत तिचंच नाव अशेरा होतं. म्हणजे बायबलचे लेखक जिच्याविरुद्ध लिहीत होते ती कनान देशातली थोरली देवी होती, कुंपणाचा खुंट नव्हता.

यापुढचं लिहिताना मला आपल्या मनातली अडचण कळते. कनानी लोक देवीला भजत होते, हे ऐकायला कोणाला जड जात नाही. जड जातं ते हे, की इस्राएल लोक तिला परमेश्वराच्या शेजारी मानत होते. मी ज्या तळटिपा सुचवल्या होत्या त्यांतली सगळ्यांत मोठी याच गोष्टीची होती आणि तीच सगळ्यांत आधी कापली गेली.

सीनायच्या ईशान्य भागात, कादेश-बर्ण्याच्या दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटरवर, कुंतिलेत अजरूद नावाची एकटी टेकडी आहे. १९७५-७६मध्ये झेएव मेशेल यांनी तिथे उत्खनन केलं. इ.स.पू. ८००च्या सुमाराची ती वस्ती. वाटसरू थांबत असावेत असं ठिकाण. तिथे मातीचे दोन मोठे रांजण सापडले. त्यांच्यावर चित्रं आहेत: वासराला पाजणारी गाय, झाडाच्या दोन्ही बाजूंना उभे राहून पाला खाणारे रानबोकड, वीणेसारखं वाद्य वाजवणारी बसलेली आकृती. आणि शाईने लिहिलेले आशीर्वाद आहेत. एकात 'शोमरोनचा यहोवा आणि त्याची अशेरा' यांच्या नावाने, दुसऱ्यात 'तेमानचा यहोवा आणि त्याची अशेरा' यांच्या नावाने. हेब्रोनजवळ खिर्बेत अल-कोम इथल्या थडग्यातला लेख विल्यम डेव्हर यांच्या हाती १९६७मध्ये लागला, तो इ.स.पू. आठव्या शतकातला. उरीयाहू नावाच्या माणसाला यहोवाने आशीर्वाद दिला आणि त्याच्या अशेराच्या योगे शत्रूंपासून सोडवलं, असा त्याचा आशय. खाली दगडात एक हात कोरलेला आहे.

हे लेख कोणा परक्यांचे नाहीत. उरीयाहू या नावाच्या शेवटीच यहोवाचं नाव आहे. परमेश्वराला मानणारा, त्याच्या नावाने मुलाचं नाव ठेवणारा तो समाज होता.

'त्याची अशेरा' म्हणजे देवी की देवीचं चिन्ह, यावर अभ्यासकांत वाद आहे. हिब्रूत विशेषनामाला 'त्याची' हा प्रत्यय सहसा लागत नाही, म्हणून पुष्कळ जण इथे पूजेची वस्तू असा अर्थ घेतात. हा मुद्दा मी टिपेत घातला होता. एकच बाजू लिहा असं मी म्हटलेलंच नाही. दोन्ही बाजू चार ओळींत मावतात आणि आमच्या वर्गातल्या बायकांना त्या कळतात. मी त्यांना सांगितलं आहे, म्हणून हे खात्रीने लिहिते.

झाड आणि देवी ही फारकतही वाटते तितकी सोपी नाही. लाखीश इथे १९३०च्या दशकात सापडलेल्या इ.स.पू. तेराव्या शतकातल्या एका सुरईवर 'एलत', म्हणजे देवी, हा शब्द लिहिलेला आहे. तो नेमका झाडाच्या चित्रावर येतो आणि झाडाच्या दोन्ही बाजूंना रानबोकड आहेत. तानखला १९६८मध्ये पॉल लॅप यांना मिळालेल्या मातीच्या चार थरांच्या पूजा-चौकीवर, ती इ.स.पू. दहाव्या शतकातली, एका थरात दोन सिंहांचे कान धरून उभी असलेली बाई आहे आणि दुसऱ्या थरात सिंहांच्याच मधोमध झाड. खांब म्हणा, झाड म्हणा, ते पाहणाऱ्याला त्यात ती दिसत होती. मग केवळ 'खांब' लिहून आपण कोणता गोंधळ टाळतो आहोत?

यिर्मयाबद्दल मला अधिक बोलायचं आहे, कारण तिथे मला सगळ्यांत जास्त लागलं.

सातव्या अध्यायात यरुशलेमच्या रस्त्यांवरचं चित्र आहे. मुलं लाकडं गोळा करतात, बाप विस्तव पेटवतात, बायका कणीक मळतात आणि आकाशराणीसाठी पोळ्या होतात. अख्खं कुटुंब कामाला लागलेलं आहे. चव्वेचाळिसाव्या अध्यायात यरुशलेम पडलेलं आहे आणि उरलेसुरले लोक मिसर देशात आले आहेत. यिर्मया त्यांना म्हणतो, या मूर्तिपूजेमुळेच हे संकट आलं. तेव्हा ते उत्तर देतात. आपण आणि आपले पूर्वज, राजे, सरदार, यहूदाच्या नगरांत आणि यरुशलेमच्या रस्त्यांत आकाशराणीला धूप जाळत होतो तेव्हा पोटभर अन्न होतं, सगळं बरं चाललं होतं. ते बंद केल्यापासून आपल्याला सगळ्याची वाण पडली, तलवारीने आणि दुष्काळाने आपण संपलो. आणि मग बायका विचारतात, आमच्या नवऱ्यांना ठाऊक नसताना आम्ही तिच्या पोळ्या केल्या का?

अख्ख्या बायबलात साध्या घरच्या बायका एका संदेष्ट्यासमोर उभ्या राहून आपल्या श्रद्धेची बाजू मांडतात अशा जागा किती आहेत? यिर्मयाने त्यांना मान्य केलं नाही, परमेश्वरानेही नाही. पण त्यांचं बोलणं पवित्र शास्त्राने गाळलं नाही. आपल्या मसुद्यात या उताऱ्यावर मथळा आहे 'हट्टी स्त्रिया'. हा मथळा हिब्रूत नाही. १५व्या वचनात उत्तर देणाऱ्यांत बायकांचे नवरेही आहेत, मोठा समुदाय आहे. सातव्या अध्यायात लाकडं आणणारी मुलं आणि चूल पेटवणारे बापही आहेत. दोष द्यायचाच तर यिर्मयाने सगळ्यांना दिला. आपण तो एका मथळ्यात बायकांच्या डोक्यावर ठेवलात. आमच्या वर्गात हा अध्याय वाचला तेव्हा एक वयस्क बाई म्हणाल्या, 'म्हणजे त्यांनी सगळं सोसलं, लेकरं गमावली, आणि मग विचारलं.' मथळा वाचल्यावर हे कोणाला दिसेल?

ही आकाशराणी कोण, अशेरा, अस्तार्ते (म्हणजे अष्टोरेथ) की बाबेलची इश्तार, यावर एकमत नाही. पोळ्यांसाठी हिब्रूत आलेला शब्द मात्र अक्कादी भाषेतून आलेला आहे आणि तिकडे तो इश्तारच्या पूजेतल्या पोळीसाठी येतो, एवढं निश्चित सांगता येतं. मिसर देशात गेलेल्या यहुद्यांचं पुढे काय झालं याचाही एक धागा मिळतो. आस्वानजवळच्या एलेफंटाइन बेटावर यहुदी सैनिकांची वसाहत होती आणि तिथे याहोचं, म्हणजे यहोवाचं, मंदिर होतं. तिथे सापडलेल्या इ.स.पू. पाचव्या शतकाच्या सुमाराच्या एका वर्गणीच्या यादीत याहोसाठी १२ कर्श ६ शेकेल आणि अनातबेथेल या देवतेसाठी १२ कर्श असा हिशेब मांडलेला आहे (कर्श आणि शेकेल ही चांदीची वजनं). मंदिराचा हा हिशेब आपल्याच शास्त्रातल्या लोकांच्या भाऊबंदांनी लिहिला आहे. यिर्मया कोणाशी भांडत होता ते या यादीवरून कळतं. हीदेखील तळटीप गेली.

शब्दसूचीतही एक गंभीर चूक आहे. अशेरा, अष्टोरेथ आणि अनात यांना आपण 'कनानी देवी' या एकाच नोंदीत घातलं आहे. या तिघी वेगळ्या आहेत. उगारितच्या पाट्यांत तिघी एकाच कथेत वेगवेगळ्या वागतात. '१ राजे' ११:५मध्ये शलमोन जिच्या मागे लागला ती सीदोनी लोकांची अष्टोरेथ आहे, अशेरा नाही.

यहूदातल्या घरांत सापडलेल्या मातीच्या बाहुल्यांबद्दल मी फार आग्रह धरणार नाही. इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकांतल्या, कमरेखाली खांबासारख्या आणि दोन्ही हातांनी स्तनांना आधार दिलेल्या अशा ८००हून अधिक मूर्ती मिळाल्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच यरुशलेममध्ये. त्या अशेराच्या आहेत असं ठामपणे म्हणता येत नाही. परिशिष्टात एक चित्र असावं एवढंच मी सुचवलं होतं. ते नसलं तरी चालेल.

मला कोणी विचारेल, आणि मंडळीत काहींनी विचारलंही, की तुम्हाला देवीची पूजा परत आणायची आहे का. नाही. मी ख्रिस्ताची आहे आणि त्याच्यापुरती माझी भक्ती पुरी आहे. पण माकाने अशेरासाठी ओंगळ मूर्ती केली म्हणून आसा राजाने तिला राजमातेच्या पदावरून काढलं, हिज्कीयाने अशेरा तोडली, त्याच्या मुलाने, मनश्शेने, तिची मूर्ती थेट परमेश्वराच्या मंदिरात नेऊन ठेवली, आणि इ.स.पू. ६२२च्या सुमारास योशीयाने ती जाळून तिची राख सामान्य लोकांच्या कबरांवर टाकली. येहूने शोमरोनमधलं बआलाचं मंदिर पाडलं, तरी '२ राजे' १३:६ सांगतं की अशेरा तिथेच उभी राहिली. कर्मेलवरच्या सामन्यानंतर एलीयाने बआलाचे संदेष्टे किशोन ओढ्यापाशी मारले. अशेराच्या ४०० जणांचं काय झालं ते शास्त्र सांगत नाही. शेकडो वर्षं चाललेला हा झगडा आहे. एकाच देवाला भजायचं, हे त्या लोकांना आयतं मिळालं नाही, घराघरांत, आई आणि मुलगा, राजा आणि राजमाता यांच्यात भांडून ते आलं. समोर नुसता खांब ठेवला तर हिज्कीया आणि योशीया लाकडं तोडणारे राजे ठरतात आणि संदेष्ट्यांचा आक्रोश कशासाठी होता तेच हरवतं. शास्त्राच्या लेखकांना ती नको होती. तरी त्यांनी तिचं नाव लिहून ठेवलं. त्यांनी जे खोडलं नाही ते खोडण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आणि गोंधळाचं म्हणाल तर आमच्या पोरांच्या हातात फोन आहे. कुंतिलेत अजरूदच्या रांजणाचं चित्र त्यांना आज ना उद्या दिसणार आहे, शेजारी भडक मथळा असणार आहे. तेव्हा ते घरी येऊन विचारतील, हे आपल्या बायबलात का नव्हतं? माझ्या वर्गातल्या आयांनी त्यांना काय सांगायचं?

माझ्या मागण्या अशा आहेत.

जिथे वाक्यावरून देवी हा अर्थ स्पष्ट आहे, निदान 'शास्ते' ३:७, '१ राजे' १५:१३ आणि १८:१९, '२ राजे' २१:७ आणि २३:४, ६, ७ इथे, 'अशेरा' हे नाव परत ठेवावं. जिथे वस्तू अभिप्रेत आहे तिथे 'अशेरा-स्तंभ' म्हणावं, म्हणजे नाव सुटणार नाही.

कुंतिलेत अजरूद आणि खिर्बेत अल-कोमच्या लेखांची टीप, वादाच्या दोन्ही बाजूंसह, '२ राजे' २१ किंवा २३ इथे द्यावी. एलेफंटाइनची टीप यिर्मया ४४ला द्यावी.

'हट्टी स्त्रिया' हा मथळा काढावा. 'मिसर देशातील यहूद्यांचे उत्तर' एवढा पुरेसा आहे.

शब्दसूचीत तीन देवींच्या तीन नोंदी कराव्यात.

मसुद्यावर आलेल्या सगळ्या सूचना आणि त्या स्वीकारण्या-नाकारण्याची कारणं मंडळ्यांना वाचायला खुली करावीत. माझ्या टिपणांना तीन वाक्यांत उत्तर आलं. इतरांना किती आलं, मला माहीत नाही. आणि या शब्दाचा निर्णय पुन्हा घ्याल त्या बैठकीत हिब्रू जाणणाऱ्या किमान दोन बायका असाव्यात. मला बोलवा असं म्हणत नाही. माझ्याहून जाणत्या आहेत.

छपाई अजून सुरू झालेली नाही, असं आपल्याच पत्रात आहे. टिपणांची संपूर्ण प्रत वचनवार लावून मी आज पुन्हा टपालाने पाठवली आहे. आमच्या वर्गातल्या एकवीस जणींच्या सह्या शेवटच्या पानावर आहेत. त्यांतल्या दोघींनी सही करण्याआधी यिर्मयाचा चव्वेचाळिसावा अध्याय पुन्हा एकदा मोठ्याने वाचायला सांगितला. तो वाचून झाल्यावर त्यांनी सही केली.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली विश्वासू,
मसुद्याची एक वाचक
अहिल्यानगर